कवितेला नाव कसं ठेवता? (माझ्या एका कवितेचं अडलंय)

खाडीकाठची | १४ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय. प्रश्न साधा आहे पण दोन आठवडे डोक्यातून जात नाहीये. कवितेचं शीर्षक तुम्हाला आधी सुचतं की नंतर? की छापायला द्यायची वेळ आली की मग शोधाशोध?

झालं असं की एका दिवाळी अंकाला कविता पाठवली होती. संपादकांचा फोन आला, कविता घेतो म्हणाले, फक्त नाव बदला. का बदला ते काही सांगितलं नाही, ३१ तारखेपर्यंत वेळ दिलाय. मी ठेवलेलं नाव 'आठवणींचं मीठ'. माझं फार आवडतं नाव आहे हो ते, कवितेच्याही आधी सुचलेलं, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

बाबांचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं. मग तिथे भराव पडला, बिल्डिंगा झाल्या, आणि त्यातल्याच एका सोसायटीत मी आणि नवऱ्याने लोन काढून फ्लॅट घेतला. बाबा भावाकडे गावठाणात राहतात, रविवारी माझ्याकडे येतात. ही कविता:

गेटवरच्या वहीत बाबा नाव लिहितात,
गाडी नंबरच्या रकान्यात रेघ मारतात,
'कोणाकडे' पाशी त्यांचं पेन थांबतं.
वॉचमन म्हणतो, काका, भरा लवकर.
बाबा पायाखाली बघतात.
लादीखाली, मुरुमाखाली, गाळाखाली
त्यांचं मीठ अजून ओलं असेल.
मग ते माझा फ्लॅट नंबर लिहितात
आणि दोरीचं पेन तसंच लोंबत सोडतात.

नाव सुचवा किंवा 'आठवणींचं मीठ'च ठेव म्हणा, पण का ते सांगा.

मसुंदा | १४ जुलै, रात्री ११:०५

कविता आतपर्यंत गेली. नाव मात्र बदलाच. मीठ सातव्या ओळीत यायला हवं आणि तुम्ही ते दारातच हातावर ठेवलंत.

दुपारची_लोकल | १४ जुलै, रात्री ११:२०

मला तर नाव आवडलं बाबा. आणि मसुंदा, एक विचार करा, हे नाव काढलं तर पहिल्यांदा वाचणाऱ्याला सातव्या ओळीपर्यंत कळणारच नाही की हा माणूस कोण, पायाखाली का बघतोय. पुण्याच्या वाचकाला मीठ म्हटलं की स्वयंपाकघर आठवणार, मिठागर नाही. काहीतरी हिंट लागतेच ना.

मसुंदा | १४ जुलै, रात्री ११:२४

पायाखाली का बघतोय हे न कळणं हीच तर त्या ओळीची ताकद. दोन ओळी थांबेल की वाचक.

नौपाड्याचा_नाना | १५ जुलै, सकाळी ६:५०

ताई, स्वागत. मी आयुष्यभर पुस्तकांचं टाइपसेटिंग आणि प्रुफं तपासणं हेच काम केलं. कवितासंग्रहच शे-दीडशे तरी हाताखालून गेले असतील. संपादकाने कारण सांगितलं नाही, मला वाटतं ते मी सांगतो.

संग्रहाची शेवटची प्रुफं आली की मी आधी अनुक्रमणिका वाचायचो. कविता न वाचता नुसती नावं, वरून खाली, मोठ्याने. एकदा एका मुलीचा पहिला संग्रह होता, ५२ कविता. त्यातली १९ नावं एकाच साच्यातली, अमक्याचं तमकं. मनाचा पाऊस, शब्दांचं चांदणं, आठवणींचा झोका, असं सगळं. मी तिला समोर बसवून ती १९ नावं वाचून दाखवली, बाकी एक शब्द बोललो नाही. चौथ्या-पाचव्या नावाला तिने डोळे खाली घातले आणि म्हणाली, काका, ही सगळी एकाच कवितेची नावं वाटतायत. तसंच आहे ते. एक न दिसणारी वस्तू घ्यायची, एक दिसणारी घ्यायची, मध्ये 'चं' लावायचं. दिसायला छान दिसतं, पण ते त्याच कवितेचं राहत नाही, कुणाच्याही कवितेवर बसतं. 'आठवणींचं मीठ' हे नाव लोणच्यावरच्या कवितेलाही चालेल, आजारी आईवरच्या कवितेलाही चालेल. तुमची कविता मात्र दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही, तिच्यात दोरीला बांधलेलं पेन आहे.

साचा मुळात वाईट नाही हे पण सांगतो. कवी बींच्या संग्रहाचं नाव 'फुलांची ओंजळ', १९३४ सालचं. तेव्हा ताजं होतं. त्यानंतर आपण सगळ्यांनी मिळून किती ओंजळी भरल्या याला गणती नाही.

येऊरचा_पाऊस | १५ जुलै, सकाळी ८:१५

नाना, तुमची पोस्ट वाचून आत्ता माझी वही उघडली. 'मनाचा' तीन वेळा, 'स्पंदन' दोन वेळा. आज ऑफिसला उशीर होणार.

मतला | १५ जुलै, सकाळी ९:३०

मी थोडं उलटं बोलतो. कवितेला नाव लागतंच कशाला? गझलेला परंपरेने नाव नसतं, मतला म्हणजे पहिला शेर हीच तिची ओळख. मराठीत छापताना वर काहीतरी द्यायचं म्हणून बहुतेक वेळा मतल्यातलाच तुकडा उचलतात. सुरेश भटांच्या 'रंग माझा वेगळा' या १९७४ च्या संग्रहाचं नावसुद्धा गझलेच्या ओळीतूनच आलंय. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत, एकाला तरी शीर्षक आहे का? पहिली ओळ हेच नाव आणि शेवटी 'तुका म्हणे' ही सही. काही अडलं का कुणाचं? बहिणाबाईंचंही तेच, जात्यावर, शेतात म्हटलेलं गाणं, घरच्यांनी लिहून घेतलं, १९५१ ला त्या गेल्या आणि १९५२ ला पुस्तक आलं. दळणाऱ्या बाईला शीर्षक कुठे सुचवत बसायचंय.

ताई, नावाशिवाय द्या. तीन फुल्या टाका वर.

अर्धविराम | १५ जुलै, सकाळी १०:१०

मतला दादा, गाथा, गझल, ओवी ही सगळी कानाने ऐकायची. ऐकणाऱ्याला कोण गातंय ते समोर दिसतं, पुढे काय येणार ते चालीवरून कळतं. छापलेल्या पानावर तसं काही नसतं, वरची पांढरी जागा असते आणि तिथे एक-दोन शब्द. ती जागा फुकट का घालवायची?

आता विंदांची ती सगळ्यांना पाठ असलेली कविता घ्या, देणाऱ्याने देत जावे. दहा जणांना विचारा नाव काय, नऊ जण पहिली ओळ सांगतील. नाव आहे 'घेता'. मला स्वतःला कॉलेज संपल्यावर कळलं आणि मी ती कविता पुन्हा पहिल्यापासून वाचली. आधी मला ती देणाऱ्याची कविता वाटायची, दानाबिनाची. नाव कळल्यावर लक्षात आलं की कवी सुरुवातीपासून घेणाऱ्याकडे बघत होता, आणि त्या घेणाऱ्याने शेवटी काय घ्यायचं याकडे सगळी कविता चाललीय. दोन अक्षरांनी कवितेचं तोंड फिरवलं.

मतला | १५ जुलै, सकाळी १०:४०

पण नऊ जणांना नाव माहीतच नाही आणि तरी कविता पोचलीय, हे माझ्याच बाजूचं झालं की.

दुपारची_लोकल | १५ जुलै, सकाळी १०:५२

खरंय. कुसुमाग्रजांची 'कणा' सुद्धा लोक 'ओळखलंत का सर मला' म्हणूनच शोधतात. कवी बींची 'माझी कन्या' तर 'गाई पाण्यावर' म्हणूनच पोचली घराघरात. आणि व्हॉट्सअॅपवर कविता फिरायला लागली की पहिल्यांदा गळतं ते शीर्षक, मग कवीचं नाव.

अर्धविराम | १५ जुलै, सकाळी ११:१५

पोचली हे मान्य. पण 'कणा' असं वर लिहिलेलं असताना शेवटी तो शब्द येतो तेव्हा जे होतं ते फॉरवर्डमध्ये होत नाही. मधल्या सगळ्या ओळींत भिंत खचली, चूल विझली, पाणी घरात शिरलं, आणि तुम्ही नकळत वाट बघत असता की कणा कुठे आहे. फॉरवर्ड वाचणारा ही वाट बघत नाही, त्याला तो शब्द नुसता मिळतो.

शाळाबाई | १५ जुलै, दुपारी ३:४५

मधल्या सुट्टीत वाचत होते, राहवलं नाही. मी कोपरखैरण्याला मराठी शिकवते. कथालेखनात 'योग्य शीर्षक द्या' असतं, मुलं त्यात नेहमीचंच लिहितात, 'प्रामाणिकपणाचे फळ' वगैरे. म्हणून गेल्या वर्षी एक प्रयोग केला. बालकवींची 'औदुंबर' फळ्यावर लिहिली, आठच ओळी आहेत, पण वर नाव लिहिलं नाही आणि शेवटच्या ओळीतला शेवटचा शब्द डस्टरने पुसला. औदुंबर हा शब्द त्या कवितेत तिथे एकदाच येतो, अगदी शेवटी. मग म्हटलं, नाव ठेवा.

झरा, पायवाट, हिरवं गाव, डोह, सगळं आलं. बरोबरच होतं त्यांचं, सात ओळी तेच तर दिसतं. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, बाई, जो पाण्यात पाय टाकून बसलाय त्याचं नाव. मी विचारलं, का गं? तर म्हणे, बाकी सगळं चाललंय, वाहतंय, पसरतंय. तोच एक बसलाय.

मी पुसलेला शब्द पुन्हा लिहिला आणि मग वर नाव लिहिलं. वर्ग एकदम शांत. इतकी वर्षं ही कविता शिकवतेय, 'बसलाय' या शब्दाकडे मी स्वतः असं बघितलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं कवितेत सगळ्यात जास्त जागा कशाने व्यापलीय ते बघून नाव ठेवू नये. ती कुठे येऊन थांबते ते बघावं. खाडीकाठची, तुमच्या कवितेत कोण थांबतं?

येऊरचा_पाऊस | १५ जुलै, दुपारी ४:०५

बाई, त्या मुलीला माझ्याकडून एक वडापाव.

घणसोली_गाव | १५ जुलै, संध्याकाळी ७:३०

कविता वाचली आणि जेवण गेलं नाही. आमच्या पण जमिनी गेल्या. ताई मी एकच नाव सुचवतो, 'साडेबारा टक्के'. इथल्या कुठल्याही गावात हे दोन शब्द उच्चारा, माणूस वळून बघतो. जमीन नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोकडे गेली आणि बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, त्यासाठी किती वर्षं ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या ते आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. तुमच्या कवितेत जे बोललेलं नाही ते या नावात येतं. आकडा कोरडा आहे म्हणूनच लागतो. रडणारं नाव नको, कागदावरचं नाव हवं.

अर्धविराम | १५ जुलै, संध्याकाळी ७:४८

घणसोली_गाव, जबरदस्त. कोरड्या नावाखाली ओली कविता. माझं मत याला.

मसुंदा | १५ जुलै, रात्री ८:१०

फार चांगलं नाव आहे. फक्त एक शंका, नागपूर-सोलापूरच्या वाचकाला कळेल? खाली टीप द्यावी लागली तर मजा गेली.

घणसोली_गाव | १५ जुलै, रात्री ८:२५

न कळू दे. विचारेल कुणालातरी. नामदेव ढसाळांनी १९७२ ला संग्रहाला 'गोलपिठा' नाव ठेवलं तेव्हा सदाशिव पेठेत किती जणांना मुंबईतला गोलपिठा माहीत होता? नाव वाचून लोकांना विचारावं लागलं. आमचे शब्द आम्ही टीप देऊन का लिहायचे.

मसुंदा | १५ जुलै, रात्री ८:३१

मागे घेतो शंका. तुमचं बरोबर आहे.

खाडीकाठची | १५ जुलै, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार, ऑफिसात वाचत होते आणि नानांच्या पोस्टवर थोडं रडू पण आलं (राग नाही नाना, खरंच पटलं). दादा, 'साडेबारा टक्के' वाचून अंगावर काटा आला. पण एक गोष्ट मी वर लिहिली नाही. मिठागर आमचं नव्हतं. मालक वेगळा, बाबा मजुरीवर. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत आटवायचं, उन्हाळाभर मीठ ओढून ढीग लावायचे. सकाळी लवकर जायचे कारण दहानंतर त्या पांढऱ्यावर बघवत नाही, डोळे जायचे. पायांना चिरा पडायच्या, रात्री आई खोबरेल लावायची. काम बंद झालं तेव्हा आम्हाला ना प्लॉट, ना टक्का. सातबाऱ्यावर नाव असेल तर टक्का मिळणार ना.

घणसोली_गाव | १५ जुलै, रात्री १०:०२

मग माझं नाव परत घेतो ताई. खोटं होईल ते. साडेबारा टक्के खातेदाराला. तुमच्या बाबांना शून्य टक्के.

अर्धविराम | १५ जुलै, रात्री १०:०९

मी पण परत घेतो. आणि मगाशी लक्षात नाही आलं पण आता 'त्यांचं मीठ' ही ओळ वेगळीच वाचली जातेय. जमीन त्यांची नव्हती, मीठ त्यांचं होतं.

नौपाड्याचा_नाना | १६ जुलै, सकाळी ६:४०

कालचा हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'साडेबारा टक्के' हे नाव चांगलंच होतं, दुसऱ्या एखाद्या कवितेचं. घणसोलीकर, ती कविता तुम्ही लिहा. मागे लागणार आहे मी तुमच्या.

दुपारची_लोकल | १६ जुलै, सकाळी ८:५५

ठाण्याहून वाशीच्या गाडीत बसलेय, रबाळे गेलं. मी परवा मुळात ज्यासाठी भांडत होते ते म्हणजे वाचकाला थोडी माहिती हवी. ते काम नाव किती छान करू शकतं याचं उदाहरण सापडलं, कुसुमाग्रजांचं 'कोलंबसाचे गर्वगीत'. समुद्राला आव्हान देणारा माणूस कोण ते नावाने एका झटक्यात सांगून टाकलं, मग पूर्ण कवितेत ओळख करून देत बसायची गरज नाही, पहिल्या ओळीपासून वादळच. तसं इथे नुसतं 'मिठागर' ठेवलं तर? एक शब्द, जागा कळली, बाकी कविता.

मतला | १६ जुलै, सकाळी ९:२०

आलो पुन्हा. 'मिठागर' बरं आहे, पण मग मसुंदांची पहिली तक्रार कायम राहते, मीठ दारातच. माझं म्हणणं अजून तेच, नाव नको. मर्ढेकरांच्या १९४७ च्या 'काही कविता' बघा, कवितांना नुसते आकडे. संग्रहाचं नावसुद्धा किती साधं, आणि पुढच्याचं 'आणखी काही कविता'. पिपातले उंदीर कुठल्या शीर्षकाखाली मेले नाहीत.

अर्धविराम | १६ जुलै, सकाळी ९:४४

आकडा देणं हाही निर्णयच आहे ना. त्या कवितांचं शहर, त्यातली यंत्रासारखी माणसं, त्यांच्यावर आकडाच शोभतो. त्या आकड्यांमुळे मला त्या कविता गोदामातल्या मालासारख्या रांगेत उभ्या दिसतात. ताईंच्या कवितेत एक माणूस आहे, त्याला आकडा घालू नका. सोसायटीच्या वहीत त्याला आधीच भरपूर रकाने आहेत.

येऊरचा_पाऊस | १६ जुलै, सकाळी १०:३०

जरा विषयांतर. अजिबात न कळणारं नाव ठेवण्याबद्दल काय मत? 'झपूर्झा' मला शाळेत जादूचा मंत्र वाटायचा.

शाळाबाई | १६ जुलै, दुपारी १:२०

'झपूर्झा' मुलींच्या खेळातून आलाय. जा पोरी जा, हे झिम्मा-फुगडीच्या वेगात भरभर म्हणत राहिलं की शब्द एकमेकांत मिसळतात आणि झपूर्झा ऐकू येतं. केशवसुतांना ती गुंगी हवी होती, अर्थ मागे पडतो आणि नुसती लय उरते ती अवस्था. वर्गात मुलींना उभं करून मी खरंच म्हणायला लावते, दहाव्या-बाराव्या वेळेला होतंच ते. नाव न कळणारं आहे पण तोंडात घेतलं की कळतं. उगाच अवघड ठेवलेल्या नावात आणि यात हा फरक.

मसुंदा | १६ जुलै, दुपारी १:५०

केशवसुत निघालेच आहेत तर, 'तुतारी' १८९३ ची. आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालयही १८९३ चंच. तिथल्या टेबलावर बसून जुने संग्रह चाळताना हे आठवलं की मला उगाच भरून येतं. आणि तुतारी म्हणजे काय नाव आहे! वस्तू एक, तीही कवीकडे नाही, तो मागतोय.

दुपारची_लोकल | १६ जुलै, दुपारी २:१५

ठाणेकरांचं ठाणेप्रेम सुरू झालं. मग पी. सावळारामांनाही आणा, ते तर ठाण्याचे नगराध्यक्ष होते, त्यांच्या गाण्यांना कुठे शीर्षक, मुखडा हेच नाव. (मतला दादा खूश.) परवा परतीच्या गाडीत पावसाने खोळंबा झाला, अर्धा तास ऐरोलीच्या अलीकडे, आणि ती घोषणा पुन्हा पुन्हा, पुढील स्टेशन ऐरोली, पुढील स्टेशन ऐरोली. 'पुढील स्टेशन' असं नाव डोक्यात बसलंय, कविता अजून यायचीय.

येऊरचा_पाऊस | १६ जुलै, दुपारी २:२०

पुढील स्टेशनला येईल.

गडकरी_कट्टा | १६ जुलै, रात्री ११:३०

उशिरा आलो. मी कविसंमेलनांचं सूत्रसंचालन करतो, त्यामुळे माझा संबंध नावाच्या उच्चाराशी जास्त. स्टेजवर नावाचं एक वेगळं काम असतं, आधीच्या कवितेच्या टाळ्या, खुर्च्यांची कुरकुर, कुणाचा तरी मोबाइल, हे सगळं शमायला नाव एक श्वासभर वेळ देतं. म्हणून मी कवींना सांगतो, नाव घ्या, थांबा, मग सुरू करा. पुष्कळ जण नाव घेतात आणि मग पाच मिनिटं कविता कशी सुचली ते सांगतात, तोवर नाव विरून गेलेलं असतं.

आणि नाव एकदा मोठ्याने म्हणून बघावं. एका कवीचं शीर्षक होतं 'वीत'. सुंदर शब्द. पण माइकवर मागच्या रांगेला 'वीट' ऐकू आलं आणि लोक पूर्ण कविताभर घराच्या वाटेवर गेले, विठोबाच्या वाटेवर गेले. तोही नंतर माझ्यापाशी येऊन म्हणाला, लोक चुकीच्या जागी माना डोलवत होते.

ताईंची कविता आत्ता बायकोला वाचून दाखवली, नाव न सांगता. संपल्यावर तिने विचारलं, तो रकाना कुठला म्हणालास? तिला तिसरी ओळ पुन्हा ऐकायची होती.

मसुंदा | १६ जुलै, रात्री ११:४२

थांबा. वहिनींनी सांगितलं की नाव. 'कोणाकडे'.

अर्धविराम | १६ जुलै, रात्री ११:४४

हो!!

शाळाबाई | १७ जुलै, सकाळी ६:१०

तिथेच तर थांबतं ना पेन. परवा विचारलं होतं, उत्तर माझ्या समोरच होतं आणि दिसलं नाही.

मतला | १७ जुलै, सकाळी ८:३०

कबूल करतो, हे नाव असेल तर नाव असावं. प्रश्न वॉचमनचा पण आहे आणि त्यांचाही आहे, कामधंदा गेलेला माणूस कोणाकडे जाणार. आणि हेही बरं की शब्द कवितेतलाच, म्हणजे माझ्या मतल्याच्या न्यायाने चालतं.

घणसोली_गाव | १७ जुलै, सकाळी ८:४५

साडेबारा टक्क्यांसाठी पण हेच विचारायचे. कोणाकडे काम आहे? पाठ झालाय हा शब्द आमच्या लोकांना. ताई, घ्या हेच.

नौपाड्याचा_नाना | १७ जुलै, सकाळी ९:१५

नाव उत्तम. पण आता एक काम वाढलं. शब्द वर नेला की खाली ठेवता येत नाही. वर 'कोणाकडे' आणि तिसऱ्या ओळीत पुन्हा 'कोणाकडे' असं आलं की वाचकाला वाटतं, अच्छा, इथून उचललंय, आणि त्या ओळीपाशी कविता नाव समजावून सांगायला लागते. तिसऱ्या ओळीतून तो शब्द काढा. नुसतं 'तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबतं'. वाचक स्वतः वर बघेल.

अर्धविराम | १७ जुलै, सकाळी ९:४०

नाना, इथे मी भांडणार. 'कणा'मध्ये शब्द दोन्हीकडे आहेच की, औदुंबरही दोन्हीकडे.

नौपाड्याचा_नाना | १७ जुलै, सकाळी १०:०५

आहे, पण दोन्हीकडे शेवटी आहे. मध्ये सगळी कविता आडवी आहे. इथे नावानंतर तिसऱ्याच ओळीत. दोन जिन्यांच्या पायऱ्या इतक्या जवळ असल्या की माणूस अडखळतो. वाचून बघा दोन्ही तऱ्हेने.

अर्धविराम | १७ जुलै, सकाळी १०:३०

वाचलं. तुमचं बरोबर.

दुपारची_लोकल | १७ जुलै, सकाळी १०:४१

आणि माझी हिंट? माहिती कुठे गेली वाचकाची?

मसुंदा | १७ जुलै, सकाळी १०:५५

'गेटवरच्या वहीत' मध्ये आहे की. नाव वाचून प्रश्न पडतो, पहिल्या ओळीत वही येते, झालं, सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही तो रकाना डोळ्यासमोर येईल. मीठ आपलं सातव्या ओळीत सुखरूप.

खाडीकाठची | २० जुलै, रात्री ९:१५

तीन दिवस आले नाही, माफ करा. 'कोणाकडे' वाचलं त्या रात्री झोपच लागली नाही. मी ते नाव स्वतः लिहिलं होतं, तिसऱ्या ओळीत, आणि मला ते नाव वाटलंच नाही, वाटली ती फक्त रकान्यावरची पाटी. मला नावात मीठ हवं होतं, बाबा नव्हते हवे, असं काहीसं झालं होतं का माझं, अजून विचार करतेय.

काल रविवार. बाबा आले तेव्हा मी खाली गेटवर गेले आणि लांबून बघत उभी राहिले. वर आल्यावर त्यांना कविता वाचून दाखवली, नवीन नावासकट, तिसरी ओळ नानांनी सांगितली तशी करून. ते चहा पीत होते. ऐकून झाल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तो पोरगा काका नाही म्हणत, शेठ म्हणतो. सगळ्यांनाच म्हणतो.

मग म्हणाले, मिठागरात शेठ एकच होता.

तर चौथी ओळ आता 'वॉचमन म्हणतो, शेठ, भरा लवकर' अशी आहे. संपादकांना रात्रीच पाठवली.

घणसोली_गाव | २० जुलै, रात्री ९:२२

बाबांना नमस्कार सांगा.

शाळाबाई | २० जुलै, रात्री ९:४०

ताई, अंक आल्यावर वर्गात घेऊ का ही कविता? नाव झाकून वाचेन.

खाडीकाठची | २० जुलै, रात्री ९:४३

जरूर घ्या बाई. ती मागच्या बाकावरची मुलगी काय नाव ठेवते ते मात्र मला इथे लिहा.

नौपाड्याचा_नाना | २१ जुलै, सकाळी ६:३५

'शेठ'चा ठ बरोबर आहे, अंकवाले 'शेट' करतील, प्रुफं स्वतः मागून घ्या. आणि घणसोलीकर, पाच दिवस झाले. कविता कुठे आहे?